तिथे तलाठी येत नाही

७ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसजवळ पॅसिफिक पॅलिसेड्स आणि अल्टाडीना इथे वणवे पेटले आणि विझेपर्यंत सोळा हजारांवर इमारती राख करून गेले. अशा वेळी पुण्या-ठाण्याहून तिकडच्या नातेवाइकांना फोन लावला की पहिला प्रश्न ‘सगळे सुखरूप ना?’ आणि दुसरा ‘पंचनामा झाला का?’ आपल्या जागी प्रश्न रास्तच. गारपीट झाली, घरात पुराचं पाणी शिरलं की तलाठी येतो, पंचनामा करतो आणि मग सानुग्रह अनुदानाची वाट बघायची, ही आपली सवय. कॅलिफोर्नियात तलाठी येत नाही. ज्याचं जळलं त्यानंच चार-पाच दारं ठोठावायची. प्रत्येक दाराची मुदत निराळी, अटी निराळ्या, आणि एकाच नुकसानीचे पैसे दोन दारांतून मिळत नाहीत. ही रचना ठाऊक नसल्यामुळे जे गैरसमज पसरतात, त्यांतले काही खर्चिक ठरतात.

‘फेमा घर बांधून देईल’

फेमा म्हणजे संघराज्य सरकारची आपत्ती यंत्रणा. २०२५ या आर्थिक वर्षात तिची एका कुटुंबासाठी कमाल मर्यादा घराकरता ४३,६०० डॉलर आणि इतर गरजांकरता तेवढीच होती. ही कमाल, सर्वांना मिळणारी रक्कम नव्हे. दूध, औषधं, पेट्रोल अशा तातडीच्या खर्चासाठी त्या वर्षी सुरुवातीला ७७० डॉलर मिळत. पॅलिसेड्समध्ये ज्या भावाने घरं विकली जातात, ते पाहता या पैशांत गाडी ठेवायची खोलीही उभी राहणार नाही. शिवाय विमा असेल तर फेमाचं पहिलं पत्र बहुधा नकाराचंच येतं. त्याचा अर्थ ‘तुम्ही अपात्र’ असा नसतो, ‘विम्याने किती दिलं ते आधी कळवा’ असा असतो. साठ दिवसांत अपील करता येतं. पुष्कळजण ते पत्र वाचून फाईल बंद करतात, आणि तिथेच चुकतात.

‘एसबीए म्हणजे छोट्या धंदेवाल्यांचं ऑफिस’

एसबीए म्हणजे स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन; नावानेच घात केला आहे. आपत्तीनंतर हेच खातं घरमालकाला घरासाठी पाच लाख डॉलरपर्यंत आणि सामानासाठी एक लाखापर्यंत कर्ज देतं. सामानाचं कर्ज भाडेकरूलाही मिळतं. मात्र हे कर्ज आहे, फेडावं लागतं.

‘आम्ही एच-वन बीवर, आम्हाला काही मिळत नाही’

हा गैरसमज मराठी घरांत सगळ्यांत जास्त, कारण तो अर्धा खरा आहे. फेमाची रोख मदत अमेरिकी नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना आणि कायद्यात नेमून दिलेल्या आणखी काही परदेशींना मिळते. एच-वन बी या नोकरीच्या व्हिसाचं नाव त्या यादीत नाही. पण त्याच घरात अमेरिकेत जन्मलेलं, म्हणजे जन्मानेच नागरिक असलेलं अठरा वर्षांखालचं मूल राहत असेल, तर आईवडील त्याच्या वतीने अर्ज करू शकतात. पाळण्यातलं बाळ घराचा अर्जदार होतं! त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर मात्र हवा. तात्पुरता निवारा, जेवण, मानसिक आधार आणि आपत्तीपुरता मोफत कायदेशीर सल्ला यांसाठी तर व्हिसा विचारलाच जात नाही. आणि विम्याचा दावा किंवा दिवाणी खटला यांचा व्हिसाशी काडीचाही संबंध नाही. हप्ता भरला आहे ना, मग दावा करायचा.

‘जळालेल्या प्रत्येक चमच्याची यादी दिल्याशिवाय विमा कंपनी पैसे देत नाही’

यादी करायला लावतात हे खरं, आणि तो प्रकार क्रूर आहे. जे घर राहिलंच नाही त्यातल्या कपाटांचे खण डोळे मिटून आठवायचे, प्रत्येक वस्तू किती साली घेतली ते लिहायचं. म्हणूनच कॅलिफोर्नियाने कायद्यात सवलत घातली. जाहीर आणीबाणीत घर पूर्ण जळालं असेल, तर घराच्या विमारकमेच्या किमान ३० टक्के, अडीच लाख डॉलरपर्यंत, सामानापोटी यादीविना द्यायचे. २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने हिशोब बदलला. आता सामानाच्या विमारकमेच्या ६० टक्के, साडेतीन लाखांपर्यंत. त्यापुढची रक्कम हवी असेल तर यादी करावीच लागते. तेव्हा जुने वाढदिवसाचे फोटो कामी येतात. मागे शोकेस दिसतं.

दुसऱ्या जागी राहण्याचा जादा खर्चही विम्यात असतो. आणीबाणी जाहीर झाली असेल तर तो किमान चोवीस महिने, आणि सबळ कारण असल्यास आणखी बारा महिने, अर्थात पॉलिसीतल्या रकमेच्या मर्यादेत. लोक मात्र सहा महिन्यांत भावाच्या घरी मुक्काम हलवतात आणि हा हक्क विसरतात.

‘त्याच जागी बांधलं तरच पूर्ण रक्कम मिळते’

नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा दुसऱ्या जागी बांधायला किंवा तयार घर विकत घ्यायला मुभा देतो, आणि नव्या जागेच्या जमिनीची किंमत कंपनीला त्यातून वजा करता येत नाही. जळालेलं घर पूर्ववत करायला जेवढा खर्च आला असता, तेवढी मात्र कमाल मर्यादा.

‘घर गेलं, कर्जही गेलं’

याला उत्तर एका ओळीचं: हप्ते चालूच राहतात. एवढंच नव्हे, विम्याचा चेक बहुतेक वेळा मालक आणि बँक दोघांच्या नावे येतो आणि बँक तो बांधकामाच्या टप्प्याटप्प्याने सोडते. हप्ते काही काळ थांबवण्याची सोय मिळते, पण ती मागावी लागते. थांबवलेले हप्ते माफ होत नाहीत.

‘फेअर प्लॅन हा सरकारी विमा आहे’

कुणीच विमा देईना तेव्हा ज्याच्या दारात जायचं तो हा ‘फेअर प्लॅन’. १९६८ मध्ये कायद्याने जन्माला आला, म्हणून सरकारी वाटतो. प्रत्यक्षात राज्यात धंदा करणाऱ्या खासगी विमा कंपन्यांची ती सामाईक मोट आहे, करदात्यांचा पैसा त्यात नाही. लॉस एंजेलिसच्या आगींनंतर तिची तिजोरी आटली तेव्हा सदस्य कंपन्यांकडून एक अब्ज डॉलर गोळा करावे लागले. शिवाय तिची पॉलिसी आगीपुरती असते. चोरी, नळ फुटणं वगैरेंसाठी वेगळा विमा लागतो.

‘कंपनीला शिक्षा झाली, म्हणजे पैसे मिळाले’

इथे थोडं थांबायला हवं. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज हे गाव जळालं, ८५ माणसं गेली. आग पीजी अँड ई या वीज कंपनीच्या लाईनवरचा, जवळजवळ शंभर वर्षं जुना आणि झिजलेला आकडा तुटल्याने लागली. जून २०२० मध्ये कंपनीने सदोष मनुष्यवधाचे ८४ गुन्हे न्यायालयात कबूल केले. दंड झाला सुमारे ३५ लाख डॉलर. हा दंड म्हणजे भरपाई नव्हे. भरपाईची वाट वेगळी होती, आणि ती दिवाळखोरीच्या न्यायालयातून गेली, कारण कंपनीने जानेवारी २०१९ मध्येच तिथे आसरा घेतला होता.

त्यातून उभा राहिला पीडितांचा ट्रस्ट, साडेतेरा अब्ज डॉलरचा. ऐकायला आकडा भरघोस. पण त्यातली निम्मी रक्कम त्याच कंपनीच्या शेअरच्या रूपात होती. म्हणजे ज्या कंपनीच्या तारेने घर जाळलं, तिचा शेअर वर जावा म्हणून जळितग्रस्तांनी देव पाण्यात घालायचे! दावेदार सुमारे सत्तर हजार. शेवटी त्यांच्या हाती मंजूर रकमेच्या सुमारे ७० टक्के पडले, तेही वर्षानुवर्षांच्या हप्त्यांत. विमा कंपन्यांची पीजी अँड ईशी ११ अब्ज डॉलरची तडजोड वेगळी झाली. मला यात जी गोष्ट खटकते ती हीच, की मंजुरीचं पत्र आणि हातात आलेला चेक यांतलं अंतर कुणी आधी नीट सांगत नाही.

‘निष्काळजीपणा सिद्ध करता आला नाही तर खटला हरला’

वीज कंपन्यांच्या बाबतीत कॅलिफोर्नियात असं नाही. सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता घेतली किंवा तिचं नुकसान केलं तर मोबदला द्यायचा, हे तिथल्या राज्यघटनेत आहे. मूळ कल्पना भूसंपादनाची. न्यायालयांनी ती वीज कंपन्यांना लावली: वीज सार्वजनिक सोय, मग तिच्या तारेने घर जळालं तर त्याचा भार एकट्या घरमालकाने का सोसावा? आग कंपनीच्या साधनांनी लागली एवढं दाखवणं पुरतं. ही तरतूद मालमत्तेपुरती आहे. मृत्यू किंवा इजा यांसाठी निष्काळजीपणा दाखवावाच लागतो. अल्टाडीनाच्या आगीबाबत सदर्न कॅलिफोर्निया एडिसनवर दावे झाले, संघराज्य सरकारनेही केला. कंपनीने न्यायालयाबाहेर भरपाईची स्वतःची योजना काढली. पैसे लवकर मिळतात, पण ते स्वीकारले की खटल्याचा हक्क सुटतो.

‘खटल्याला तीन वर्षं आहेत, घाई कशाला?’

मालमत्तेच्या नुकसानीला तीन वर्षं, इजा किंवा मृत्यूला दोन, हे बरोबर. पण समोर खासगी कंपनी नसून शहर, काउंटी किंवा राज्य असेल, तर निष्काळजीपणाचा दावा न्यायालयात नेण्याआधी त्या कार्यालयाकडे लेखी मागणी द्यावी लागते. घर-जमिनीसाठी एक वर्षात. इजा, मृत्यू किंवा घरातल्या सामानासाठी अवघ्या सहा महिन्यांत. पॅलिसेड्समध्ये बोट शहराकडे आणि राज्याकडे दाखवलं जात होतं. तिथे ही सहा महिन्यांची मुदत ७ जुलै २०२५ च्या सुमारास संपली. अनेकांच्या जागेवरचा मलबा तेव्हा नुकताच हलला होता.