फोर कॉर्नर्स (दूरचित्रवाणी कार्यक्रम)

फोर कॉर्नर्स हा ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन (एबीसी) या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा शोधपत्रकारितेला वाहिलेला दूरचित्रवाणी कार्यक्रम आहे. त्याचा पहिला भाग १९ ऑगस्ट १९६१ रोजी प्रसारित झाला. ऑस्ट्रेलियातील सर्वाधिक काळ चाललेल्या वृत्तविषयक कार्यक्रमांपैकी तो एक आहे. पोलीस खात्यातील भ्रष्टाचार, बालबंदीगृहांतील छळ, बँकांचे गैरव्यवहार, वृद्धाश्रमांतील हेळसांड अशा विषयांवरील त्याच्या भागांमुळे अनेकदा अधिकृत चौकशी आयोग नेमले गेले. त्याचबरोबर बदनामीचे खटले आणि पक्षपाताचे आरोपही त्याच्या वाट्याला आले.

स्थापना व आरंभीचा काळ

निर्माते रॉबर्ट रेमंड आणि निवेदक मायकेल चार्लटन यांनी हा कार्यक्रम सुरू केला. ब्रिटनमधील बीबीसीचा ‘पॅनोरमा’ हा कार्यक्रम त्यांच्यापुढे नमुना म्हणून होता. ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणी १९५६ मध्ये सुरू झाली होती. देशातील सामाजिक प्रश्न प्रत्यक्ष घटनास्थळी जाऊन, संबंधित लोकांच्या तोंडून मांडण्याची पद्धत तेथे तेव्हा नवीन होती.

पहिल्याच वर्षी कार्यक्रमाने न्यू साउथ वेल्स राज्यातील बॉक्स रिज या आदिवासी वसाहतीतील राहणीमानाचे चित्रण केले. आदिवासींच्या दैन्यावस्थेचे असे दर्शन बहुसंख्य शहरी प्रेक्षकांना प्रथमच घडले. १९६३ मध्ये माजी सैनिकांच्या ‘आरएसएल’ या प्रभावशाली संघटनेच्या राजकीय वजनाविषयी प्रश्न उपस्थित करणारा भाग प्रसारित झाला. त्यावर मोठे वादळ उठले आणि निर्माते ॲलन ॲशबोल्ट यांना कार्यक्रमातून दूर करण्यात आले. सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेने सत्ताधाऱ्यांची व प्रतिष्ठितांची चिकित्सा करावी काय, हा वाद तेव्हापासून कार्यक्रमाच्या इतिहासात वारंवार उद्भवला आहे.

स्वरूप व कार्यपद्धती

कार्यक्रमाचा प्रत्येक भाग साधारणतः पाऊण तासाचा असून तो बहुधा एकाच विषयाला वाहिलेला असतो. गेली अनेक दशके तो सोमवारी रात्री प्रसारित होत आला आहे. वार्ताहर, निर्माता आणि संशोधक यांचे छोटे पथक एका भागावर अनेक आठवडे, काही वेळा अनेक महिने काम करते.

वृत्तपत्रातील शोधवृत्ताला कागदोपत्री पुरावा पुरेसा असतो. दूरचित्रवाणीला मात्र त्याखेरीज चित्र आणि कॅमेऱ्यासमोर बोलण्यास तयार असलेला साक्षीदार लागतो. त्यामुळे साक्षीदाराचा विश्वास संपादन करणे, आवश्यक तेथे त्याची ओळख लपवणे आणि मिळालेल्या चित्रफितींची सत्यता तपासणे ही कामे महत्त्वाची ठरतात. ज्यांच्यावर आरोप केले जातात त्यांना प्रसारणापूर्वी प्रश्न पाठवून बाजू मांडण्याची संधी दिली जाते. संहितेची तपासणी वकिलांकडूनही होते. ऑस्ट्रेलियातील बदनामीचा कायदा कडक मानला जात असल्याने या टप्प्याला विशेष महत्त्व आहे.

उल्लेखनीय भाग

द बिग लीग (१९८३)

३० एप्रिल १९८३ रोजी प्रसारित झालेल्या या भागात वार्ताहर ख्रिस मास्टर्स यांनी न्यू साउथ वेल्समधील रग्बी लीग संघटनेच्या एका पदाधिकाऱ्यावरील अफरातफरीचा खटला दडपण्यात आल्याचा आरोप मांडला. या प्रकरणात राज्याचे प्रीमियर (मुख्यमंत्री) नेव्हिल रॅन यांचे नाव आल्यामुळे ते चौकशीच्या काळात पदापासून दूर राहिले. मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स स्ट्रीट यांच्या आयोगाने रॅन यांना निर्दोष ठरवले. माजी मुख्य दंडाधिकारी मरे फार्क्वार यांना मात्र न्यायप्रक्रियेत ढवळाढवळ केल्याबद्दल १९८५ मध्ये कारावासाची शिक्षा झाली.

द मूनलाइट स्टेट (१९८७)

क्वीन्सलंड राज्य ‘सनशाइन स्टेट’ म्हणजे सूर्यप्रकाशाचे राज्य म्हणून ओळखले जाते. त्या बिरुदावर श्लेष करून ‘चांदण्यातले राज्य’ असे नाव दिलेला हा भाग ११ मे १९८७ रोजी प्रसारित झाला. राजधानी ब्रिस्बेनमध्ये बेकायदा जुगार अड्डे आणि कुंटणखाने उघडपणे चालू असून पोलीस अधिकारी त्यांच्याकडून नियमित हप्ते घेतात, असे मास्टर्स यांनी त्यात दाखवले. ‘कुरियर-मेल’ या दैनिकात फिल डिकी यांनी याच विषयावर आधीपासून बातम्या दिल्या होत्या. राज्य सरकारने तोवर अशा आरोपांची फारशी दखल घेतली नव्हती.

प्रीमियर यो बियेल्के-पीटरसन त्या वेळी राज्याबाहेर होते. त्यांच्या अनुपस्थितीत कारभार पाहणारे बिल गन यांनी दुसऱ्याच दिवशी चौकशी जाहीर केली. टोनी फिट्झजेराल्ड यांच्या अध्यक्षतेखालील हा आयोग काही आठवड्यांतच काम संपवील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याची कार्यकक्षा वाढत गेली आणि ३३९ साक्षीदारांच्या साक्षी झाल्या. हप्ते गोळा करणारा माजी पोलीस अधिकारी जॅक हर्बर्ट याने खटल्यापासून संरक्षण मिळाल्यावर संपूर्ण साखळी उघड केली. अंतिम अहवाल ३ जुलै १९८९ रोजी सादर झाला.

पोलीस आयुक्त सर टेरेन्स लुईस यांना १९९१ मध्ये चौदा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली व त्यांची ‘सर’ ही पदवी काढून घेण्यात आली. काही माजी मंत्र्यांनाही तुरुंगवास भोगावा लागला. बियेल्के-पीटरसन यांच्यावर आयोगापुढे खोटी साक्ष दिल्याचा खटला चालला, परंतु जूरीत एकमत न झाल्याने तो निकालाविना संपला. डिसेंबर १९८९ च्या निवडणुकीत नॅशनल पक्षाची बत्तीस वर्षांची सत्ता संपुष्टात आली.

अ ब्लडी बिझनेस (२०११)

इंडोनेशियातील कत्तलखान्यांत ऑस्ट्रेलियातून निर्यात झालेल्या जनावरांना मिळणारी क्रूर वागणूक वार्ताहर सारा फर्ग्युसन यांच्या या भागात दिसली. तो ३० मे २०११ रोजी प्रसारित झाला. त्यातील बरेच चित्रण ‘ॲनिमल्स ऑस्ट्रेलिया’ या प्राणिहक्क संघटनेने केलेले होते. तीव्र लोकक्षोभानंतर केंद्र सरकारने जूनमध्ये इंडोनेशियाला होणारी जिवंत जनावरांची निर्यात थांबवली. सुमारे महिन्याभराने ती नव्या नियमांखाली पुन्हा सुरू झाली. दरम्यान उत्तर ऑस्ट्रेलियातील पशुपालकांचे मोठे नुकसान झाले. २०२० मध्ये फेडरल कोर्टाने मंत्र्यांचा बंदी आदेश बेकायदा ठरवून पशुपालकांच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल मंत्र्यांच्या निर्णयाविषयी होता. चित्रणाच्या सत्यतेविषयी नव्हता.

ऑस्ट्रेलियाज शेम (२०१६)

‘ऑस्ट्रेलियाची लाज’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा हा भाग कॅरो मेल्ड्रम-हॅना यांनी सादर केला. डार्विन शहराजवळील डॉन डेल बालबंदीगृहात मुलांवर अश्रुधूर सोडल्याचे चित्रण त्यात होते. एका मुलाच्या डोक्यावर बुरखा घालून त्याला खुर्चीला जखडून ठेवल्याचे दृश्यही त्यात होते. नॉर्दर्न टेरिटरीतील अशा बंदीगृहांमधील बहुसंख्य मुले आदिवासी समाजातील असतात. अश्रुधुराच्या घटनेची माहिती बालहक्क आयुक्तांच्या २०१५ मधील अहवालात आधीच नोंदवलेली होती. मात्र २५ जुलै २०१६ रोजी चित्रण प्रसारित झाल्यावर दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी रॉयल कमिशनची घोषणा केली.

आयोगाने नोव्हेंबर २०१७ मध्ये अहवाल देऊन डॉन डेल बंद करण्याची शिफारस केली, तरी ते पुढेही अनेक वर्षे चालू राहिले. बंदिस्त मुलांवर केलेला अश्रुधुराचा वापर बेकायदा होता, असा निर्णय ऑस्ट्रेलियाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाय कोर्टाने २०२० मध्ये दिला. मुलांवर फौजदारी जबाबदारी येण्याचे वय नॉर्दर्न टेरिटरीत २०२३ मध्ये दहावरून बारा वर्षे करण्यात आले, परंतु सत्ताबदलानंतर २०२४ मध्ये ते पुन्हा दहा वर्षांवर आणले गेले.

इतर भाग

फ्रान्सच्या गुप्तहेरांनी न्यूझीलंडमध्ये ‘रेनबो वॉरियर’ हे ग्रीनपीस संघटनेचे जहाज बुडवल्याच्या प्रकरणावरील भाग १९८५ मध्ये गाजला. ‘बँकिंग बॅड’ (२०१४) या भागाने कॉमनवेल्थ बँकेच्या आर्थिक सल्ला विभागातील गैरप्रकार उघड केले. बँकिंग क्षेत्रासाठी रॉयल कमिशन मात्र २०१७ च्या अखेरीस जाहीर झाले. वृद्धाश्रमांतील परिस्थितीवरील ‘हू केअर्स?’ (२०१८) या भागाच्या प्रसारणाच्या आदल्या दिवशीच पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी त्या विषयावर रॉयल कमिशन नेमत असल्याचे सांगितले. २०१७ मध्ये क्वीन्सलंडमधील नियोजित कारमायकेल कोळसा खाणीच्या संदर्भात अदानी समूहावरील भागासाठी कार्यक्रमाचे पथक भारतात आले होते. गुजरातमधील मुंद्रा येथे पोलिसांनी या पथकाची चौकशी केली.

चौकशी आयोगांशी संबंध

पत्रकारांना साक्षीदारांना समन्स पाठवण्याचा, शपथेवर साक्ष घेण्याचा किंवा कागदपत्रे सक्तीने मागवण्याचा अधिकार नसतो. रॉयल कमिशनला हे अधिकार असतात. क्वीन्सलंडमधील हप्त्यांची साखळी सिद्ध झाली ती अशा अधिकारांमुळे. दुसरीकडे, वृत्तपत्रांतील बातम्या किंवा अधिकृत अहवाल उपलब्ध असूनही स्वस्थ राहिलेली सरकारे प्रसारणानंतर चोवीस तासांत हलली, असे १९८७ आणि २०१६ या दोन्ही वर्षी दिसले. आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. त्यामुळे चौकशी तातडीने जाहीर झाली तरी प्रत्यक्ष सुधारणा होईलच असे नाही, हे डॉन डेलच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

खटले व टीका

‘द मूनलाइट स्टेट’मधील मुख्य आरोपांना आयोगाच्या चौकशीत पुष्टी मिळाली, तरीही त्या भागावरून उद्भवलेले बदनामीचे दावे सुमारे तेरा वर्षे चालले. अशा दाव्यांत लागणारा वेळ आणि पैसा हाच वार्ताहराला होणारा दंड ठरतो, असे मास्टर्स यांनी पुढे वेळोवेळी मांडले. सार्वजनिक संस्था असल्याने एबीसीला हा खर्च पेलता येतो. लहान वृत्तसंस्थांना ते अवघड जाते.

एबीसीवर डावीकडे झुकल्याचा आरोप ऑस्ट्रेलियातील उजव्या विचारांच्या राजकारण्यांनी अनेकदा केला असून तो फोर कॉर्नर्सलाही लागू केला जातो. मात्र रॅन यांच्यावरील भाग मजूर पक्षाच्या प्रीमियरविषयी होता आणि २०११ मधील निर्यातबंदीचा पेच मजूर पक्षाच्याच केंद्र सरकारपुढे उभा राहिला होता. चळवळीतील संघटनांनी पुरवलेल्या चित्रणावर अवलंबून राहणे आणि धक्कादायक दृश्यांमुळे सरकारांनी घाईने निर्णय घेणे, हे टीकेचे इतर मुद्दे आहेत.

पुरस्कार

ऑस्ट्रेलियन पत्रकारितेतील सर्वोच्च मानला जाणारा गोल्ड वॉकली पुरस्कार कार्यक्रमाच्या वार्ताहरांना अनेकदा मिळाला आहे. १९८५ मध्ये मास्टर्स यांना ‘रेनबो वॉरियर’ प्रकरणावरील भागासाठी, २०११ मध्ये ‘अ ब्लडी बिझनेस’ला आणि २०१५ मध्ये ग्रेहाउंड शर्यतींतील क्रौर्यावरील ‘मेकिंग अ किलिंग’ला तो देण्यात आला. अफगाणिस्तानातील ऑस्ट्रेलियन विशेष दलाच्या कृत्यांवरील ‘किलिंग फील्ड’ला २०२० मध्ये हा पुरस्कार मिळाला.