व्हिसा उद्योजकाचा, परीक्षा कागदपत्रांची

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी : वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील एखादा लघुउद्योजक परदेशात कंपनी काढण्याचा विचार करू लागला, की त्याचे सारे लक्ष भांडवल आणि व्यवसाय आराखडा यांवर केंद्रित होते. अर्ज मात्र अनेकदा भलत्याच जागी अडतो. जन्मदाखल्यावर आणि पारपत्रावर ‘औरंगाबाद’, तर कंपनीच्या नव्या पत्त्यावर ‘छत्रपती संभाजीनगर’. ही दोन्ही नावे एकाच शहराची आहेत, हे परदेशातील अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही.

शहराचे नाव फेब्रुवारी २०२३ मध्ये बदलले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्हा व विभाग यांची नावे बदलल्याची अधिसूचना निघाली. त्यामुळे त्यापूर्वीच्या दाखल्यांवर जुने नाव असणे यात काहीच गैर नाही. चूक होते ती भाषांतरात. सर्व कागद एकसारखे दिसावेत म्हणून काही अर्जदार भाषांतरकाराला जुन्या दाखल्यातही नवे नाव घालायला सांगतात. हे कटाक्षाने टाळावे. मुळात जे आहे तेच भाषांतरात यावे, खाली भाषांतरकाराची स्वतंत्र टीप असावी आणि सोबत अधिसूचनेची प्रत जोडावी. मूळ कागद आणि भाषांतर यांत फरक आढळला, तर संशय केवळ त्या एका दाखल्यापुरता राहत नाही.

कोणत्या देशात जायचे, हे आधी निश्चित व्हायला हवे, कारण प्रत्येक ठिकाणची कसोटी निराळी आहे. अमेरिकेचा ‘ई-२’ हा गुंतवणूकदार व्हिसा केवळ करारबद्ध देशांच्या नागरिकांना मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. तरीही या व्हिसाची चौकशी करण्यात अनेकांचे महिने जातात. ब्रिटनने दोन लाख पौंड गुंतवणुकीची जुनी उद्योजक श्रेणी २०१९ मध्ये बंद केली. एप्रिल २०२३ पासून तेथे ‘इनोव्हेटर फाउंडर’ व्हिसा आहे. त्यात गुंतवणुकीची किमान रक्कम ठरवलेली नसली, तरी मान्यताप्राप्त संस्थेने व्यवसायाची कल्पना नवी, टिकाऊ आणि विस्तारक्षम असल्याचे प्रमाणित करावे लागते. जर्मनीच्या निवास कायद्यातील कलम २१ मध्ये २००५ साली दहा लाख युरो आणि दहा रोजगार असा मापदंड होता. तो पुढे शिथिल होत गेला आणि २०१२ मध्ये आकड्यांची अट निघाली. आता त्या भागातील आर्थिक गरज, अर्थव्यवस्थेवरील अनुकूल परिणाम आणि भांडवलाची निश्चिती या बाबी पाहिल्या जातात. पंचेचाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला वृद्धापकाळाची पुरेशी तरतूदही सहसा दाखवावी लागते.

भाषांतर कोणाकडून करून घ्यावे, हा पुढचा प्रश्न. जर्मनी, स्पेन यांसारख्या देशांत शपथबद्ध किंवा सरकारने नेमलेले भाषांतरकार असतात. भारतात तशी एकच देशव्यापी अधिकृत नोंदवही नाही. नोटरी कायदा, १९५२ नोटरीला भाषांतर करण्याचा व पडताळण्याचा अधिकार देतो. व्यवहारात मात्र बहुतेक वेळा नोटरीचा शिक्का भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रावरील सहीपुरता असतो, मजकुराच्या अचूकतेची हमी तो देत नाही. ब्रिटनला इंग्रजी किंवा वेल्श नसलेल्या प्रत्येक कागदाचे संपूर्ण भाषांतर लागते. त्यावर अचूकतेची ग्वाही, दिनांक, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील आवश्यक असतो. अन्य देशांसाठी संबंधित वाणिज्य दूतावासाची भाषांतरकारांची यादी आहे का, हे आधी पाहावे.

मराठवाड्याची खरी अडचण शब्दांची आहे. सातबारा उतारा हा महसुली अभिलेख आहे. त्याचे ‘मालकी हक्काचे खत’ असे भाषांतर केले तर ते चुकीचेच ठरते. ‘हेक्टर-आर’मधील क्षेत्र एकरांत बदलून लिहू नये, रूपांतर द्यायचेच असेल तर ते टिपेत द्यावे. ‘गुमास्ता’ या शब्दाचेही तसेच. २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला केवळ सूचना द्यावी लागते. तिच्या पोचपावतीला ‘परवाना’ म्हटले, की तो क्रमांक शोधणारा अधिकारी गोंधळतो.

वडिलोपार्जित जमीन विकून भांडवल उभे केले असेल, तर वाट आणखी मागे जाते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळचे अनेक अभिलेख उर्दूत आहेत आणि त्यांवर फसली सन आढळतो. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. वर्ष जानेवारीत सुरू होत नसल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो. भाषांतरात मूळ फसली तारीख ठेवूनच इसवी सन द्यावा. अशा कागदाला केवळ उर्दू येणे पुरत नाही, जुनी महसुली परिभाषाही यावी लागते. अशी जाणकार माणसे शहरात आहेत, पण त्यांना वेळ द्यावा लागतो.

भारतात अपोस्टिलची व्यवस्था जुलै २००५ पासून लागू झाली. साधारणपणे वैयक्तिक दाखले राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून, शैक्षणिक कागद शिक्षण विभागाकडून आणि व्यापारी कागद वाणिज्य मंडळाकडून आधी साक्षांकित होतात. मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल मिळते. शक्यतो त्यानंतरच भाषांतर करून घ्यावे, म्हणजे शिक्क्यांचा मजकूरही त्यात येतो. जर्मनीने मात्र भारताच्या या करारातील प्रवेशाला हरकत नोंदवलेली असल्याने तेथे अपोस्टिलवर विसंबून चालत नाही. दूतावासाकडून दाखल्यांची स्वतंत्र पडताळणी होऊ शकते.

पैशांचा मागही कागदावर दिसावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. परदेशी कंपनीतील गुंतवणुकीला २०२२ चे नियम लागू होतात, म्हणून बँकेशी बोलणी अर्जापूर्वीच व्हावीत. नातेवाइकांकडून घेतलेली रक्कम खात्यात अचानक दिसली, तर तिचा खुलासा मागितला जाणारच.

पारपत्र कार्यालयाकडून मिळणारे पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र सर्वांत शेवटी काढावे. अनेक देश ते काही महिन्यांपुरतेच ग्राह्य धरतात आणि जमिनीचे जुने कागद मिळेपर्यंत ती मुदत सहज उलटून जाते.