जिल्हा परिषद निवडणूक : पारदर्शकतेचे वचन आणि मतदाराचा अधिकार

जिल्हा परिषदेची निवडणूक जाहीर झाली की रस्ते, शाळा व पाणी यांच्या जोडीने 'पारदर्शक कारभार' आणि 'जनतेशी सतत संपर्क' ही दोन आश्वासने प्रचारात हमखास ऐकू येतात. ती स्वागतार्ह आहेत, यात शंका नाही. तथापि, या शब्दांचा व्यवहारातील अर्थ कोणता, निवडून आलेल्या सदस्याच्या हाती त्यांपैकी किती आहे आणि कायद्याने जनतेला आधीच काय दिले आहे, हे मतदाराला ठाऊक असेल तरच त्या आश्वासनांचे मोल त्याला ठरविता येईल.

बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली. पुढे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानुसार १९६१ चा महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम तयार झाला आणि १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. जिल्ह्याचा कारभार जिल्ह्यातील लोकांच्या डोळ्यांसमोर चालावा, हे या व्यवस्थेमागील सूत्र होय. मार्च २०२२ मध्ये बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली व कारभार प्रशासकांकडे गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या रखडलेल्या निवडणुका घेण्याचे निर्देश दिले. मधल्या काळात गावाचे गाऱ्हाणे जिल्ह्याच्या सभागृहात मांडणारा सदस्यच नव्हता. त्यामुळे संपर्काच्या आश्वासनाला आता विशेष महत्त्व आले आहे.

प्रारंभ उमेदवारापासून

पारदर्शकतेची पहिली कसोटी स्वतः उमेदवारालाच लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निर्णयांनी उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. त्यानुसार उमेदवाराला नामनिर्देशनपत्रासोबत फौजदारी प्रकरणे, मत्ता व दायित्वे आणि शैक्षणिक पात्रता यांची माहिती प्रतिज्ञापत्राद्वारे द्यावी लागते. निकालानंतर निवडणूक खर्चाचा हिशेबही विहित मुदतीत सादर करावा लागतो. तो न देणारी व्यक्ती अपात्र ठरू शकते. जो उमेदवार जिल्हा परिषदेचे हिशेब खुले करण्याचे वचन देतो, त्याचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र मतदाराने अवश्य वाचावे.

कायद्याने आधीच दिलेले

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आला. त्यातील कलम ४ नुसार जिल्हा परिषदेसारख्या प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती कोणीही न मागता प्रसिद्ध करावयाची आहे. अंदाजपत्रकातील तरतुदी व वितरित रकमा, अनुदानाच्या योजनांतील लाभार्थींचा तपशील, तसेच समित्यांच्या बैठका जनतेला खुल्या आहेत किंवा काय व त्यांची इतिवृत्ते पाहावयास मिळतात किंवा काय, या गोष्टींचा त्यात समावेश होतो. याखेरीज हवी असलेली माहिती जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करून मागता येते आणि तीवर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

तेव्हा, 'निवडून आल्यावर हिशेब दाखवू' असे म्हणणारा उमेदवार काही नवे देत नसून कायद्याचे पालन करण्याचेच आश्वासन देत असतो. हिशेब पाहणे हा मतदाराचा हक्क आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

माहिती वस्तीपर्यंत

असे असूनही तक्रार उरतेच, आणि तिचे कारण बहुधा संपर्काच्या अभावात सापडते. जिल्हा परिषद स्वतःच्या उत्पन्नातून शिलाई यंत्रे, कडबाकुट्टी यंत्रे, विद्यार्थिनींसाठी सायकली अशा वैयक्तिक लाभाच्या योजना राबविते. योजनेची सूचना कार्यालयाच्या फलकावर लागते, मुदतही लिहिलेली असते. परंतु दूरच्या वाडीतील विधवा शेतमजूर स्त्रीला तिची वार्ता कळेपर्यंत ती मुदत उलटून गेलेली असते. कागदोपत्री कारभार खुला असतो. मात्र जिच्यासाठी योजना आखली, ती तिच्यापासून वंचित राहते.

कायदा करणाऱ्यांनी ही अडचण ओळखली होती. माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक साधन विचारात घ्यावे, असे कलम ४ मध्येच म्हटले आहे. सूचना फलक, वृत्तपत्रे, जाहीर घोषणा, आकाशवाणी व दूरचित्रवाणीसारखी माध्यमे आणि इंटरनेट या सर्वांना त्यात स्थान आहे. संकेतस्थळावर यादी चढविली म्हणजे काम संपले, असे यामुळे म्हणता येत नाही. जेथे दवंडीच ऐकली जाते, तेथे दवंडीच दिली पाहिजे.

सदस्याच्या हाती काय?

जिल्हा परिषदेची प्रशासकीय अंमलबजावणी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे असते. एकटा सदस्य सर्व कागदपत्रे खुली करू शकत नाही. सभेत प्रश्न विचारणे, ठराव मांडणे, विषय समितीत कामांचा पाठपुरावा करणे आणि सभेतील निर्णय आपल्या गटातील गावांना कळविणे, हे मात्र त्याच्या अधिकारात व आवाक्यात आहे. म्हणून मतदाराने ठोस प्रश्न विचारावेत. प्रत्येक सर्वसाधारण सभेनंतर गटातील गावांना वृत्तान्त मिळेल काय? गटात मंजूर झालेल्या कामाची रक्कम, ठेकेदार आणि मुदत कामाच्या जागी लिहिली जाईल काय? योजनांची माहिती मुदतीपूर्वी प्रत्येक वस्तीवर कोणत्या मार्गाने पोहोचेल? आपल्या गावच्या ग्रामसभेस सदस्य स्वतः वर्षातून किती वेळा उपस्थित राहील?

या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे देणाऱ्या उमेदवाराचे वचन पुढे तपासून पाहता येते. मोघम घोषणेचे तसे नसते. अर्थात, मतदानाने नागरिकाचे कर्तव्य पुरे होत नाही. ग्रामसभा ओस पडत असेल आणि प्रसिद्ध झालेली यादी कोणी वाचत नसेल, तर प्रामाणिक सदस्याचेही हात दुबळे पडतात. विचारणारा मतदार आणि सांगणारा प्रतिनिधी यांची जोड मिळाल्यासच जिल्ह्याचा पैसा ज्याच्या नावे मंजूर होतो, त्याच्या दारापर्यंत पोहोचेल.