खून नाही, खलनायक नाही, तरी ४० भाग! ‘मीट युवरसेल्फ’ ही चिनी मालिका लोकांना इतकी का भिडली?

एक बाई अंगणात खुर्ची टाकून बसली आहे. वारा सुटलाय. ती काहीच करत नाही. कॅमेराही घाईत नाही. मागे निळा डोंगर, समोर हिरवी शेतं आणि बस्स.

रील्स स्क्रोल करताना असा एखादा तुकडा तुमच्याही समोर आला असेल. बऱ्याचदा त्याखाली कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘मला इथे जायचंय.’ हा तुकडा ज्या मालिकेतला असतो तिचं इंग्रजी नाव ‘मीट युवरसेल्फ’. मूळ चिनी नावाचा अर्थ होतो, ‘जिथे वारा आहे तिथे जा.’

जानेवारी २०२३ मध्ये ही मालिका चीनमध्ये सुरू झाली आणि बघता बघता गाजली. आता गंमत बघा. यात राजवाड्यातली कारस्थानं नाहीत, तलवारबाजी नाही, सासू-सुनेचं भांडण नाही. ४० भागांमध्ये माणसं जेवतात, गप्पा मारतात, उन्हात बसतात आणि झोपतात.

मग लोक नेमकं काय बघत होते?

गोष्ट काय आहे?

शू होंगदोउ ही बीजिंगच्या एका मोठ्या हॉटेलात काम करणारी तिशीतली मॅनेजर. कामात तरबेज, सतत धावपळ, सुट्टी अशी नाहीच. तिची एक जिवलग मैत्रीण आहे, नानशिंग. दोघी एकमेकींना सांगत असतात, की एकदा वेळ काढू आणि दालीला जाऊ.

तो वेळ निघत नाही. नानशिंगला स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो आणि ती जाते.

होंगदोउ कोसळते, पण आरडाओरडा करून नाही. ती फक्त थांबते. नोकरी सोडते आणि जिथे दोघींनी जायचं ठरवलं होतं तिथे एकटीच जाते, तीन महिन्यांसाठी.

दाली हे नैर्ऋत्य चीनमधल्या युन्नान प्रांतातलं ठिकाण. बीजिंगपासून दोन हजार किलोमीटरहून जास्त लांब. एका बाजूला त्सांगशान पर्वत, दुसऱ्या बाजूला अरहाई सरोवर, आणि मध्ये बाई या अल्पसंख्याक समाजाची गावं. इथला वारा, फुलं, बर्फ आणि चंद्र या चार गोष्टी चीनभर प्रसिद्ध आहेत. मालिकेच्या नावात वारा आला तो उगीच नाही.

होंगदोउची भूमिका केलीय लिऊ यीफेईने. डिस्नेच्या २०२० सालच्या ‘मुलान’ सिनेमातली मुलान म्हणजे हीच. गावात तिला भेटतो शिए झियाओ, म्हणजे अभिनेता ली शिएन. बीजिंगमधली भल्या पगाराची नोकरी सोडून तो आपल्या गावात परत आलाय, कारण गावातल्या पोरांना इथेच काम मिळावं असं त्याला वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, कळलं, दोघं प्रेमात पडणार. पडतात. पण ते फार सावकाश होतं. आणि खरं सांगायचं तर मालिकेचा जीव त्या प्रेमकथेत नाहीच. तो आहे एका अंगणात.

एका अंगणात पाच परके

होंगदोउ ज्या घरात खोली घेते ते चौकाचं घर आहे. आपल्या जुन्या वाड्यांना असायचा तसा मध्ये मोकळा चौक आणि भोवती खोल्या. त्या खोल्यांमधून आधीच काही मंडळी राहत असतात.

दामाई ही इंटरनेटवर कादंबऱ्या लिहिणारी मुलगी. दिवसेंदिवस खोलीबाहेर पडत नाही, माणसं दिसली की गडबडते. नाना (आपल्याकडचे नाना नव्हेत, ही तरुण मुलगी आहे) पूर्वी लाइव्हस्ट्रीम करायची. ऑनलाइन ट्रोलिंगने तिचं जगणं अवघड केलं, म्हणून ती या गावात येऊन एका कॉफीच्या दुकानात काम करतेय. हू योउयू हा संगीताचं वेड असलेला, बारमध्ये गाणारा गायक. आणि मा चिउशान हा धंद्यात दमून, झोप हरवून आलेला माणूस. तो ध्यान लावून बसतो, पण मन काही जागेवर येत नाही.

या पाचजणांचं शिक्षण वेगळं, स्वभाव वेगळे, दुःखंही वेगळी. एरवी रस्त्यात भेटले असते तर एकमेकांकडे बघितलंही नसतं.

ते मित्र कसे होतात? इथे मालिका एक शहाणपणाची गोष्ट करते. कुणीही कुणाला सल्ला देत नाही. पहिल्याच भेटीत कुणी आपलं दुःख ओतत नाही. आधी फक्त येता-जाता मान हलते. मग कुणीतरी जास्तीचं खायला आणतं. मग एकाच टेबलावर जेवण होतं. पुढे कधीतरी, बऱ्याच भागांनंतर, एकजण बोलायला लागतो आणि बाकीचे ऐकतात.

होंगदोउला नानशिंगच्या जागी दुसरी मैत्रीण मिळत नाही. मालिका तसा दावाही करत नाही. नानशिंगची जागा रिकामीच राहते. फक्त त्या रिकाम्या जागेभोवती आता माणसं असतात.

पण हे सगळं चीनला इतकं का लागलं?

याचं पहिलं कारण म्हणजे वेळ. कोविडचे कडक निर्बंध चीनने डिसेंबर २०२२ मध्ये उठवले. त्याआधी जवळजवळ तीन वर्षं लोकांनी लॉकडाऊन, चाचण्या आणि बंद दारं अनुभवली होती. मालिका त्यानंतर लगेच आली, तीही चिनी नववर्षाच्या तोंडावर. घरात कोंडलेल्या माणसांना कुणीतरी मोकळं अंगण दाखवलं.

पण नुसत्या कोविडवर सगळं ढकलून चालणार नाही.

चीनच्या २०२० च्या जनगणनेत १२.५ कोटींहून जास्त घरं एका माणसाची निघाली. म्हणजे दर चार घरांमागे एका घरात एकच माणूस. यात एकटे राहणारे म्हातारे आहेत आणि शहरात नोकरीसाठी आलेले तरुणही. त्याच जनगणनेनुसार सुमारे ३७.६ कोटी लोक आपलं नोंदणीचं गाव सोडून दुसरीकडे राहत होते. गावात आई-वडील एकटे आणि शहरात मुलगा एकटा.

त्यात कामाचे तास. तिथे ‘९९६’ हा शब्द पोराटोरांनाही माहीत आहे. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. आठवड्याला ७२ तास. २०१९ मध्ये प्रोग्रामर मंडळींनी याविरुद्ध इंटरनेटवर मोहीम काढली. ऑगस्ट २०२१ मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी पद्धत बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. त्याच वर्षी ‘थांगपिंग’ हा शब्द व्हायरल झाला. अर्थ, सरळ आडवं पडणं. थोडक्यात, ही शर्यत तुमची तुम्हाला लखलाभ, मी पळणार नाही.

होंगदोउ तेच करते. फक्त ती आडवी पडते ती एका गावात, चार माणसांच्या सोबतीत.

मैत्रीला किती तास लागतात?

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या शहरात राहायला आलेल्या लोकांना आणि कॉलेजात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, की नव्या ओळखीच्या माणसाबरोबर किती वेळ घालवला आणि नातं कुठवर पोहोचलं. उत्तर साधारण असं आलं. नुसत्या ओळखीचं जुजबी मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास लागतात, मित्र म्हणवून घ्यायला सुमारे ९० तास, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त तास. आणि हो, ऑफिसात शेजारी बसून नुसतं काम केलं तर त्या तासांचा फारसा उपयोग होत नाही. गप्पा, खाणं, रिकामटेकडेपणा, हे तास खरे.

आता साधा हिशोब करा. ९९६ करणाऱ्या माणसाने कसेबसे आठवड्याला दोन तास एका माणसासाठी काढले, तर २०० तास व्हायला १०० आठवडे लागतील. म्हणजे जवळपास दोन वर्षं. आणि तेवढ्यात दोघांपैकी एकाची बदली होते, घर बदलतं, नाहीतर लग्न ठरतं.

त्या अंगणात मात्र ही मंडळी रोज तीन तास सहज एकत्र असतील. २०० तास भरायला ६७ दिवस पुरतात. होंगदोउ आली आहे तीन महिन्यांसाठी.

म्हणजे दालीच्या हवेत जादू नाही. जादू आहे ती मोकळ्या वेळेत आणि एकाच चौकात. होंगदोउ हॉटेलात दिवसभर माणसांनी वेढलेली होती, तरी एक मैत्रीण गेल्यावर तिच्याकडे कुणीच उरलं नाही. तिथे माणसं कमी नव्हती, त्यांच्यासोबतचा निवांत वेळ कमी होता.

मग यात खोट काय?

टीकाही झाली, आणि ती रास्त आहे. तीन महिने बिनपगारी राहायला गाठीला पैसे लागतात. ज्याच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत, गावी आजारी वडील आहेत, त्याने कुठल्या वाऱ्याकडे जायचं? कारखान्यातल्या कामगाराने तर हा विचारही करायचा नाही. शिवाय मालिकेतलं गाव फारच नीटनेटकं दिसतं. गावांचं पुनरुज्जीवन हे चीन सरकारचं धोरण आहे आणि मालिका त्याला शोभेल असंच चित्र काढते.

तरी एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायला हवी. गावातले म्हातारे, गावात राहिलेली मुलं, लाकडावर कोरीव काम करणारा आणि शिष्य टिकत नाही म्हणून खंतावणारा कारागीर, हे सगळे तिने शोभेला ठेवलेले नाहीत. शहरातल्या पोरांचा एकटेपणा आणि गावातल्या म्हाताऱ्यांचा एकटेपणा एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे ती न ओरडता दाखवते.

आणि शेवटी एक विनोद, जो मालिकेच्या बाहेर घडला. चित्रीकरण झालेल्या गावांपैकी एक फेंगयांगयी. चहा आणि घोड्यांच्या जुन्या व्यापारी मार्गावरचं शांत गाव. मालिका गाजली आणि लोकांनी दालीकडे धाव घेतली. २०२३ च्या नववर्षाच्या सुट्टीत दाली परिसरात ४० लाखांहून जास्त पर्यटक आले. शांतता शोधायला आलेली माणसं त्या अंगणासमोर फोटोसाठी रांगा लावून उभी राहिली.

त्यांना वाटलं, उपाय त्या जागेत आहे. मालिका मात्र वेगळंच सांगत होती. तिच्यातलेही सगळेच लोक कायम तिथे राहत नाहीत. तीन महिने संपत येतात, अंगणातल्या खोल्या एकेक करून रिकाम्या होऊ लागतात. काहीजण आपापल्या वाटेने निघतात. जाताना सोबत फक्त चार फोन नंबर असतात, ज्यांवर रात्री दोनलाही फोन करता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एक जण एकटेपणा अनुभवतो. त्या सगळ्यांना दालीला पाठवता येणार नाही. पण आपल्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचं नाव विचारायला तिकीट लागत नाही. पहिला तास तिथूनही सुरू होतो.