सामना संपल्यावर मैदानात काय उरतं?

मैत्रिणींनो, कबड्डीचे सामने संपतात आणि सकाळी त्याच मैदानात गुरं चरायला येतात. भजी-वड्याचा वास लागलेली पिशवी गाय तशीच गिळते. प्लॅस्टिक पचत नाही की रवंथ करून बारीक होत नाही. पोटात साठत जातं. गाय खाणं सोडते, दूध आटतं, पोट फुगतं. शेवटी शस्त्रक्रिया करूनच ते काढावं लागतं. गाय गटाच्या कर्जातून घेतलेली असली तरी हप्ता कुठे थांबतो? थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी सामन्यांना त्या दिसतातच. खाण्याचे स्टॉल बहुतेक आपल्याच बायकांचे असतात. वडे पळसाच्या द्रोणात द्या, शेजारी रिकामं पोतं बांधा. कचऱ्याची सूचना माइकवरून बक्षीस समारंभाआधीच द्यायला लावा. नंतर ऐकायला थांबतंय कोण!