दोघांनी जायचं

रविवारची मिस्सा आटोपली की वसईतल्या चर्चच्या आवारात पंधरा-वीस मिनिटं नुसती गडबड असते. कुणी फादरांना गाठून बाप्तिस्म्याची तारीख ठरवतं, पोरं सायकली काढतात, म्हाताऱ्या बायका हातात मेणबत्त्या घेऊन दफनभूमीकडे वळतात. या गर्दीतून आठ-दहा माणसं बाजूला होतात आणि हॉलमागच्या खोलीत शिरतात. त्यांत कुणी निवृत्त बँक कर्मचारी असतो, कुणी शाळेतली बाई, कुणी फुलांच्या वाडीचा मालक. टेबलावर इतिवृत्ताची वही उघडली जाते. आधी प्रार्थना, मग छोटंसं वाचन, मागच्या सभेचं इतिवृत्त, खजिनदाराचा हिशेब. त्यानंतर खरं काम सुरू होतं. गेल्या आठवड्यात कोण कुणाच्या घरी जाऊन आलं, तिथे काय दिसलं, काय द्यायचं ठरलं.

सभा संपता संपता एक कापडी थैली फिरते. ती हातात आली की प्रत्येकजण मूठ आत घालतो आणि बाहेर काढतो. मुठीत पाचशेची नोट होती की काहीच नव्हतं, हे शेजारच्याला कळत नाही. कळू नये अशीच ती सोय आहे. खजिनदार शेवटी मोजतो तो फक्त एकूण आकडा.

‘सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी’ची सभा जगात कुठेही जा, साधारण अशीच चालते. वार बदलतो, भाषा बदलते. थैली बदलत नाही. सुमारे दीडशे देशांत या संस्थेचे आठ लाखांच्या आसपास सभासद आहेत. त्यांना विन्सेंशियन म्हणतात. ते पाद्री नाहीत की नन्स नाहीत. आपापली नोकरी, शेती, दुकान सांभाळणारी ही प्रापंचिक माणसं सभासदत्वाचा पगार घेत नाहीत. वसई-मुंबईकडे संस्थेचं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे ‘एसव्हीपी’च म्हणतात. धर्मग्रामातल्या तिच्या शाखेला मात्र एक गमतीचं नाव आहे, ‘कॉन्फरन्स’. दहा माणसांच्या बैठकीला परिषद का म्हणायचं, हे समजायला पॅरिसला जावं लागतं.

१८३२ साली पॅरिसमध्ये पटकीची साथ आली आणि शहरातली १८ हजारांहून अधिक माणसं दगावली. सर्वांत जास्त मेली ती दाटीवाटीच्या, ओलसर वस्त्यांतली. त्याच काळात कायद्याचं शिक्षण घ्यायला लियाँहून आलेला फ्रेडरिक ओझानाम नावाचा तरुण ‘इतिहास परिषद’ नावाच्या वादसभेत हिरिरीने बोलत असे. चर्चने युरोपला काय काय दिलं हे तो सांगायचा. एकदा समोरच्या बाजूने सवाल आला: एके काळी दिलं असेल, पण आज तुम्ही काय करता?

ओझानामला उत्तर सुचलं नाही. सभेत हरल्यावर माणसं सहसा पुढच्या सभेची तयारी करतात. हा आपल्या खोलीवर गेला आणि हिवाळ्यासाठी आणलेल्या सरपणातलं उरलेलं सरपण मित्राला, ओगुस्त ल तायांदिएला, सोबत घेऊन एका गरीब घरी पोचवून आला.

२३ एप्रिल १८३३ रोजी सहा विद्यार्थी आणि इमॅन्युएल बाय्यी नावाचे एक प्रौढ संपादक त्यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत जमले. त्या दिवशी ओझानामला बरोबर वीस वर्षं पूर्ण झाली होती. इतिहास परिषदेतून फुटून निघालेली म्हणून या नव्या मंडळाला नाव पडलं ‘सेवा परिषद’, आणि तो ‘परिषद’ शब्द आजतागायत चिकटून राहिला.

उत्साह होता, पण गरिबाच्या घरी कसं जायचं हे त्या पोरांना ठाऊक नव्हतं. त्यांना ते शिकवलं सिस्टर रोझाली रांद्यू यांनी. मुफ्तार भागातल्या वस्तीत त्या वर्षानुवर्षं काम करत होत्या. कुठल्या जिन्यावरून वर गेलं की कुणाचं दार लागतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी मुलांना कुटुंबांची यादी दिली, पाव आणि लाकडं मिळण्याच्या चिठ्ठ्या दिल्या आणि बोलावं कसं तेही सांगितलं. पुस्तकी वादातून निघालेलं हे मंडळ जमिनीवर उतरलं ते या बाईंमुळे. दोन वर्षांनी, १८३५ मध्ये, मंडळाची नियमावली लिहिली गेली आणि संत विन्सेंट डी पॉल यांचं नाव स्वीकारलं गेलं.

हे नाव नुसतं आदरापोटी घेतलेलं नाही. १६१७ च्या ऑगस्टमध्ये विन्सेंट फ्रान्समधल्या शातियों नावाच्या गावात धर्मगुरू होते. एका रविवारी मिस्सेच्या तोंडावर त्यांना निरोप आला, की गावाबाहेरच्या एका घरात सगळेच्या सगळे आजारी पडलेत, पाणी द्यायलाही कुणी नाही. प्रवचनात त्यांनी ते सांगितलं. दुपारी स्वतः निघाले तर वाटेत जत्रा. गावातल्या बायका टोपल्या घेऊन चालल्या होत्या, काही पोचवून परतत होत्या. विन्सेंटना आनंद झाला आणि त्याचबरोबर हिशेबही सुचला. आज त्या घरात इतकं अन्न झालंय की निम्मं नासणार. आणि आठवड्याने तीच माणसं पुन्हा उपाशी राहणार.

काही दिवसांतच त्यांनी त्या बायकांचं मंडळ बांधलं आणि पाळ्या लावून दिल्या. त्या मंडळाची नियमावली वाचण्यासारखी आहे. आजाऱ्याच्या अंथरुणावर आधी फडकं पसरा. पेला, चमचा, पाव नीट मांडा. मांसाचे बारीक तुकडे करून द्या. आणि फेरी काढताना ज्यांच्याजवळ घरचं माणूस आहे त्यांच्यापासून सुरुवात करा. ज्यांना कुणीच नाही त्यांच्याकडे शेवटी जा, म्हणजे तिथे जास्त वेळ बसता येईल. दयेला वेळापत्रक लावताना जेवणानंतरच्या गप्पांचीही जागा या माणसाने राखून ठेवली होती.

एसव्हीपीचं सगळं काम या दोन धाग्यांनी विणलेलं आहे: घरी जायचं आणि पद्धतीने जायचं.

घरी जायचं ते दोघांनी. हा नियम सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी. पैशाचा व्यवहार असतो, तेव्हा साक्षीदार लागतो, हे एक कारण. एकट्या बाईच्या घरी एकटा पुरुष जाऊ नये, हे दुसरं. पण मुरलेले सभासद तिसरंच कारण सांगतील: एकाने बोलायचं, दुसऱ्याने बघायचं. बोलणाऱ्याला म्हातारी सांगत असते, ‘सगळं ठीक आहे हो, पोरगा पाठवतो पैसे.’ बघणाऱ्याला दिसतं, की चूल सकाळपासून पेटलेली नाही, औषधाच्या पट्टीतल्या गोळ्या तारखेच्या मानाने फार उरल्यात, म्हणजे अर्धीच गोळी खाऊन दिवस लांबवले जातायत. परतीच्या वाटेवर दोघं आपापलं पाहिलेलं जुळवतात आणि सभेत तेवढंच सांगतात. खोलीत बोललेलं खोलीतच राहतं. त्या घरातलं कुणी उद्या मिस्सेला शेजारच्या बाकावर बसलेलं असू शकतं.

मदत काय असते? कुठे महिन्याचं रेशन, कुठे डायलिसिसच्या खर्चातला वाटा, कुठे दहावीची फी, कुठे पावसाआधी छपरावर टाकायची ताडपत्री, कुठे शिवणयंत्र. पण पुष्कळदा मदत म्हणजे नुसती पायपीट असते. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायचा, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा, त्यासाठी तलाठ्याकडे दोनदा जायचं, बँकेत हयातीचा दाखला द्यायला आजोबांना रिक्षात घालून न्यायचं. याला पैसे फारसे लागत नाहीत. रजा टाकणारा माणूस लागतो.

आणि हे सगळं करताना समोरचा कुठल्या धर्माचा आहे हे विचारायचं नाही. संस्थेची नियमावली तसं बजावते. वसई-पालघर पट्ट्यात चर्चच्या शेजारी वारली पाडे आहेत, परप्रांतातून आलेल्या मजुरांच्या चाळी आहेत. चर्चच्या मदतीकडे संशयाने पाहणाऱ्यांची संख्या आज कमी नाही. अशा वेळी हा नियम जितका माणुसकीचा, तितकाच तो कार्यकर्त्यांच्या रोजच्या सावधपणाचाही भाग झाला आहे.

भारतात संस्था आली ती एकोणिसाव्या शतकातच. इथल्या कॉन्फरन्सना परदेशातल्या कॉन्फरन्सशी जोडून देण्याची पद्धतही पुढे रुळली. ऑस्ट्रेलियातली एखादी शाखा भारतातल्या शाखेची जुळी बहीण होते. पैसे येतात, पत्रं येतात, प्रार्थनेत एकमेकांची नावं घेतली जातात.

ऑस्ट्रेलियात या संस्थेचं रूप मात्र एकदम वेगळं दिसतं. तिथे लोक तिला लाडाने ‘विनीज’ म्हणतात आणि तिची देशभर शेकडो दुकानं आहेत. लोकांनी दिलेले जुने कपडे, भांडी, पुस्तकं, सोफे तिथे स्वस्तात विकले जातात. गल्ल्यावर बसणारे, कपडे निवडणारे बहुतेक स्वयंसेवक. आलेल्या नफ्यातून गरजू घरांची वीजबिलं भरली जातात, बेघरांचे निवारे चालतात. आयर्लंडमध्ये १८४४ च्या डिसेंबरात डब्लिनला पहिली शाखा निघाली आणि पुढच्याच वर्षी बटाट्याच्या पिकावर रोग पडून महादुष्काळ सुरू झाला. शाखा भराभर वाढल्या त्या या दुष्काळाने. आजही आयर्लंडमध्ये घरात नड आली की लोकांना आधी जी नावं आठवतात त्यांत ही संस्था असते.

एक गोष्ट अमेरिकेतली. अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ १९६० च्या दशकात सेंट विन्सेंट डी पॉलच्या भोजनगृहात स्वयंसेवक म्हणून राबत होते. आसपासच्या झाडांवर वाया जाणारी संत्री-मोसंबी गोळा करून ते भोजनगृहात आणत. एकदा त्यांना एक लेकुरवाळी बाई भेटली. ती सुपरमार्केटच्या मागे टाकलेल्या मालातून मुलांची पोटं भरत होती. तिनेच सुचवलं म्हणतात, की टाकून दिलेलं हे चांगलं अन्न बँकेसारखं एका जागी ठेवता आलं पाहिजे. ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी भरावं, ज्यांना लागेल त्यांनी काढावं. सेंट मेरीज चर्चने एक पडीक इमारत आणि ३ हजार डॉलर दिले. १९६७ मध्ये सुरू झालेली ही ‘सेंट मेरीज फूड बँक’ जगातली पहिली फूड बँक मानली जाते. आज देशोदेशी रुजलेली ही कल्पना एका स्वयंपाकघरातल्या स्वयंसेवकाच्या कानावर पडली, कारण तो तिथे ऐकायला हजर होता.

संस्थेची सगळीच पानं उजळ नाहीत. बायकांनी पाळ्या लावून सुरू केलेल्या कामाचं नाव घेणारी ही संस्था शतकाहून अधिक काळ पुरुषांपुरतीच राहिली. इटलीतल्या बोलोन्यात सेलेस्तिना स्काराबेल्ली यांनी १८५६ मध्ये स्त्रियांची समांतर शाखा काढली, आणि दोन्ही संस्था एक व्हायला १९६७ साल उजाडावं लागलं. आज आपल्याकडच्या कित्येक बैठकांत पदर सावरून हिशेब वाचणाऱ्या बायका नसतील तर काम ठप्प होईल.

सत्तेशीही खटके उडाले. १८६१ मध्ये तिसऱ्या नेपोलियनचे गृहमंत्री पेर्सिन्यी यांनी फर्मान काढून पॅरिसची मध्यवर्ती समिती मोडली. देशभर पसरलेलं, सरकारच्या मुठीत नसलेलं जाळं राज्यकर्त्यांना खुपत होतं. समिती गेली, तरी कॉन्फरन्सेस पुरत्या संपल्या नाहीत. दहा माणसं, एक वही आणि एक थैली एवढंच भांडवल असलं की वरचं कार्यालय बंद पडूनही खालचं काम चालतं.

सर्वांत जुना आक्षेप मात्र बाहेरचा नाही, आतलाच आहे. पावाच्या चिठ्ठ्या वाटून गरिबी हटते का? ओझानामला हा प्रश्न टोचत होता. पुढे तो सॉर्बोनमध्ये साहित्याचा प्राध्यापक झाला, दान्तेवर लिहू लागला, पण मजुरांच्या मजुरीबद्दल, कामाच्या हक्काबद्दलही लिहीत राहिला. १८५३ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो वारला. वसईत याच प्रश्नाचं एक उत्तर वेगळ्या वाटेने आलं. १९१८ मध्ये मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने इथे सहकारी पतसंस्था निघाली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. सावकाराच्या तावडीतून शेतकरी सोडवायचा तर दानापेक्षा कर्ज बरं, असा तो विचार. कॉन्फरन्सच्या टेबलावर आजही हीच रस्सीखेच चालते. वाण्याकडची उधारी दर महिन्याला फेडायची, की त्या बाईला शिवणयंत्र घेऊन द्यायचं? शिवणयंत्र दिलं आणि ते कोपऱ्यात धूळ खात पडलं तर? वहीत असे निर्णय एका ओळीत लिहिले जातात. चर्चेला मात्र अर्धा तास लागलेला असतो.

दुसरी काळजी वयाची आहे. पुष्कळ शाखांमधले सभासद साठीच्या पुढचे. तरुण मंडळी विरार लोकल पकडून सकाळी जातात, रात्री येतात, रविवारी झोपतात. ती पूर येतो तेव्हा मात्र धावतात. करोनाच्या टाळेबंदीत ठिकठिकाणच्या चर्चमधून शिधा पोचवायला हीच पोरं पुढे होती. पण साथ ओसरल्यावर, त्याच आजीकडे दर पंधरा दिवसांनी जाऊन तिचं तेच ऐकायला थांबणं, हे वेगळं काम आहे. नवीन सभासदाला म्हणून आधी एकट्याने पाठवत नाहीत. त्याला मुरलेल्या माणसाच्या जोडीला देतात, आणि पहिल्या काही भेटींत त्याने फक्त बघायचं असतं.

खोलीतली सभा आता संपत आली आहे. थैली फिरून झाली, खजिनदाराने नोटा सरळ करून, नाणी वेगळी करून आकडा वहीत लिहिला. सचिव पुढच्या आठवड्याच्या भेटींची यादी वाचतो. प्रत्येक घरापुढे दोन नावं. एका घरापुढे एकच नाव उरतं. दुसरे सभासद मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घरी आहेत. सचिव मान वर करून खोलीभर बघतो. फुलांच्या वाडीचा मालक म्हणतो, बुधवारी चालेल, पण फुलं दादरला पाठवून झाल्यावर, सकाळी नऊनंतर. सचिव त्याचं नाव लिहून घेतो आणि सगळे शेवटच्या प्रार्थनेला उभे राहतात.