वेडाच्या रकान्यातला गांजा

गांजावर बंदी अमेरिकेतल्या कागद आणि नायलॉनवाल्यांनी कट करून आणली, ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरते. चटपटीत आहे, पण पुरावा तुटपुंजा. खरा माग वेड्यांच्या इस्पितळांकडे जातो.

गांजाने माणसे वेडी होतात, ही ओरड ब्रिटिश संसदेत पोहोचली आणि १८९३ मध्ये हिंदुस्थानात चौकशी आयोग नेमला गेला. आदल्या वर्षी इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे नोंदलेले होते. आयोगाने एकेक प्रकरण उकरले, तेव्हा ९८ उरली. त्यातही निव्वळ गांजाची ६१. मग बाकीच्यांच्या नावापुढे गांजा आला कुठून? कारणाचा रकाना भरायचा असे, आणि रुग्णाला आणणारा पोलीस सांगेल ते त्यात उतरे. बेताच्या सेवनाने सहसा अपाय नाही, अतिसेवन घातक. बंदी नको, कर आणि परवाने ठेवा, असा निष्कर्ष निघाला. अबकारी उत्पन्नावर सरकारचा डोळा होताच. तरी तपास चोख होता.

जिनीव्हात १९२४-२५ मध्ये भरलेल्या अफू परिषदेत मात्र इजिप्तचे प्रतिनिधी एल गिंदी यांनी आपल्या देशातल्या वेडाची ३० ते ६० टक्के प्रकरणे हशीशमुळे, म्हणजे गांजाच्या झाडाच्या राळेमुळे, असल्याचे सांगितले. ती कोणी उकरली नाहीत. गांजा आंतरराष्ट्रीय करारात आला. पुढे १९६१ च्या करारात पारंपरिक वापर बंद करायला २५ वर्षांची मुदत मिळाली, आणि १९८५ मध्ये आपला अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा झाला. त्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे; नुसती पाने वगळली. भांग त्यामुळे सुटली. झाड तेच, नशा आणणारे द्रव्य टीएचसीही तेच, फक्त कमी.

मेंदूत टीएचसीला प्रतिसाद देणारी ग्राहके श्वास चालवणाऱ्या भागात विरळ आहेत, म्हणून हेरॉइनसारखा श्वास बंद पडत नाही. यावरून ‘गांजा निरुपद्रवी’ म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक. ओढणाऱ्यांपैकी साधारण दहात एकाला तो सुटत नाही. किशोरवयात सुरुवात, रोजची सवय आणि जहाल माल असेल तर भ्रम-भास होणाऱ्या मनोविकाराचा धोका वाढतो. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजातले टीएचसी १९९५ मध्ये सरासरी ४ टक्के होते, २०१४ मध्ये १२ च्या आसपास. आजोबांच्या चिलमीचा दाखला आजच्या पुडीला लागू पडेलच असे नाही.